लक्ष्मीबाई टिळक : चुलीजवळचा इतिहास

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील दवाखान्यांत, शाळांत आणि आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनींपैकी पुष्कळशा केरळच्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन त्या मराठी शिकतात, पावरी आणि मावची बोलू लागतात. पण आपल्या मल्याळम भाषेचा अभिमान त्यांच्या मनातून कधी जात नाही. त्या अभिमानात एका नावाचा उल्लेख हमखास येतो, ते म्हणजे सिस्टर मेरी बेनिंजा. मेरी जॉन तोट्टम या नावाची ही शिक्षिका कवयित्री म्हणून प्रसिद्धी पावत असतानाच मठवासी झाली, आणि जगाचा निरोप घेताना तिने रचलेली ‘लोकमे यात्रा’ ही कविता केरळात घरोघरी पोहोचली. १९८५ साली त्या ख्रिस्तवासी झाल्या. तुमच्या मराठीत अशी कोण आहे, असा प्रश्न या भगिनींनी आम्हांस अनेकदा विचारला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस फार लांब जावे लागत नाही. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला आमचा नाशिक धर्मप्रांत नाशिक, अहमदनगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार एवढ्या मुलखावर पसरला आहे. याच मुलखात, नाशिकजवळच्या जलालपूर गावी, १ जून १८६८ रोजी मनकर्णिका गोखले जन्मली. याच मुलखात तिचा बाप्तिस्मा झाला आणि नाशिक शहरातच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी तिने देह ठेवला. मराठी वाचक तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतात. ती मठवासी नव्हती, प्रापंचिक होती. कॅथलिक नव्हती, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतली होती. तरीही मराठी ख्रिस्ती साहित्यात तिच्या तोडीची लेखिका झाली नाही असे आम्हांस वाटते; आणि ख्रिस्ती हे विशेषण काढून टाकले तरी या विधानात फार बदल करावा लागेल असे वाटत नाही.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक ठाऊक नाही असा मराठीचा विद्यार्थी विरळा. पाठ्यपुस्तकांतून त्यातील एखादा विनोदी उतारा बहुतेकांनी वाचलेला असतो आणि त्यामुळेच एक गैरसमज पसरला आहे. एका वेंधळ्या कवीच्या भोळ्या बायकोने सांगितलेल्या गमती, एवढेच या पुस्तकाचे रूप अनेकांच्या मनात राहिले आहे. आमच्या मते ते महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबाच्या इतिहासाचे मोठे साधन आहे. धर्म बदलतो तेव्हा घरात काय होते, हे आपल्या नोंदवह्यांनी कधी लिहून ठेवले नाही. ते या बाईने लिहून ठेवले.

तिचे माहेरचे घर इतिहासाच्या घावातूनच निघालेले होते. १८५७ च्या उठावानंतर तिच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आले. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की सोवळेओवळे हेच त्यांचे सर्व जीवन बनले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. यातून मीठसुद्धा सुटले नाही. मीठ धुतल्यावर काय उरते हे सांगायला नको. हसू यावे असाच हा प्रकार आहे आणि लक्ष्मीबाई तो हसू येईल असाच सांगतात. पण त्या घरातल्या बायकांना हे धुणे रोज, वर्षानुवर्षे, थंडीवाऱ्यात करावे लागले, हेही त्या हसण्यातून वाचकाच्या लक्षात येते. पुढे पाण्याच्या एका घोटावरून या स्त्रीच्या जीवनात जी उलथापालथ झाली, तिचे मूळ या माहेरात आहे.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१ चा. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकलेला, कविता करणारा, वक्तृत्वाने श्रोत्यांना डोलवणारा हा तरुण संसाराच्या दृष्टीने मात्र अवघड माणूस होता. नोकरी धरावी आणि सोडावी, न सांगता घरातून निघून जावे, हातातला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा स्वभाव. लोक अशा माणसाला साधू म्हणतात. त्याच्या घरात चूल पेटवायची कशाने, हा प्रश्न साधूला पडत नाही, त्याच्या बायकोला पडतो. समाजासाठी आणि देवळासाठी रात्रंदिवस धावणारे आणि घरच्यांना विसरणारे पुरुष आमच्याही धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या पत्नींनी ‘स्मृतिचित्रे’ वाचले तर त्यांना ते परके वाटणार नाही. टिळकांवर लक्ष्मीबाईंचे अपार प्रेम होते आणि त्यांच्यावर त्यांचा रागही तितकाच होता. दोन्ही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत.

लिहावाचायला त्या शाळेत शिकल्या नाहीत. टिळकांनीच लग्नानंतर त्यांना अक्षरे शिकवली, तीही भांडत भांडत आणि मध्ये मोठमोठे खंड पडत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना बायबल वाचावयास दिले. ती भेट टिळकांच्या चरित्रात अनेकांनी वर्णिली आहे, म्हणून आम्ही येथे विस्तार करीत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. चार वर्षांचा मुलगा दत्तू पदरात होता. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी घरी आली तेव्हा नातलगांना भीती वाटली की ही बाई आता जीव देते की काय.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आपल्या मिशन इतिहासात असे प्रसंग फार लवकर आटोपले जातात. अमुक साली अमुक गृहस्थांनी सत्य स्वीकारले, नातलगांनी छळ केला, पुढे पत्नीही आली, आणि परिच्छेद संपला. त्या ‘पुढे’ या शब्दात किती वर्षे मावतात याचा हिशेब कोणी देत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत त्यात चार वर्षांहून अधिक काळ मावला. त्या काळात ती बाई सवाष्ण नव्हती आणि विधवाही नव्हती. कुंकू लावावे तर कोणाच्या नावाने, आणि पुसावे तर कोणाच्या? हळदीकुंकवाला, श्राद्धपक्षाला, व्रतवैकल्याला तिची जागा कोणती, हे धर्मशास्त्र सांगत होते, पण तिच्या मनाला ते पटत नव्हते. काही काळ ती पंढरपूरला बहिणीकडे राहिली. ज्या गावात रोज विठ्ठलाच्या देवळाची घंटा ऐकू येते, त्या गावात ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको म्हणून दिवस काढणे काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कायद्याची बाजूही पाहावी. १८६६ साली ब्रिटिश सरकारने ख्रिस्ती झालेल्या देशी लोकांच्या विवाहासंबंधी एक कायदा केला होता. धर्मांतर केलेल्या व्यक्तीला तिचा जोडीदार त्या कारणाने सोडून गेला, तर न्यायालयात दाद मागून अखेरीस तो विवाह रद्द करून घेण्याची सोय त्यात होती. कॅथलिक वाचकांना संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या बोधपत्राचा सातवा अध्याय आठवेल. श्रद्धा न ठेवणारा जोडीदार वेगळा होत असेल तर काय करावे, याचे मार्गदर्शन तेथे आहे आणि आपल्या ख्रिस्तसभेचा या बाबतीतला नियम त्यावरच उभा आहे. सेमिनरीत आम्ही हा विषय कायद्याचे कलम म्हणून शिकलो. ज्या बाईला सोडून द्यावयाचे ती बाई कलमात दिसत नाही. टिळकांपुढे हा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. त्यांच्या शेकडो चुका या एका गोष्टीपुढे आम्ही माफ करतो. पण केवळ त्यांच्या धीराचे कौतुक करून थांबणेही बरोबर नाही, कारण वाट पाहणाऱ्यापेक्षा जिच्यासाठी वाट पाहिली जात होती तिचा रस्ता अधिक कठीण होता.

याच विरहाच्या वर्षांत लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. दुःख सांगायला दुसरे माणूस नव्हते, म्हणून अक्षरांना सांगितले. पुढे ‘भरली घागर’ या नावाने त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या. त्या कवितांचे मोल मराठी काव्याच्या इतिहासात मध्यम आहे, असे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. त्यांचे मोल दुसरे आहे. नवऱ्याने शिकवलेली अक्षरे नवऱ्यावाचून वापरण्याची सवय या बाईच्या हाताला तेव्हा लागली.

अखेर नातलगांचा विरोध पत्करून लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. पण ख्रिस्ती होण्यासाठी गेल्या नाहीत. नवऱ्याजवळ राहायचे आणि आपले सोवळे सांभाळायचे, असा त्यांचा निश्चय होता, आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. पाणी कोणी भरायचे, अन्नाला कोणी शिवायचे, मुलाने कोणाकडे काय खायचे, असे प्रश्न रोज उभे राहत. मोठमोठे वादविवाद झाले ते व्यासपीठावर. या घरातला वाद पाण्याच्या भांड्यापाशी झाला.

आणि तो सुटलाही तेथेच. लक्ष्मीबाईंचे मन ग्रंथ वाचून बदलले नाही, कोणा उपदेशकाचे प्रवचन ऐकूनही नाही. जात देवाने केली की माणसाने, हा एकच प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी धरला आणि स्वतःच्याच साध्या तर्काने सोडवला. देवाने केली नाही असे उत्तर आले, तेव्हा मीठ धुणाऱ्या बापाची ती मुलगी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला, आईबरोबर दत्तूचाही. आमच्या मते खरे परिवर्तन आधीच होऊन गेले होते. येशू ख्रिस्त समारियाच्या विहिरीवर एका बाईजवळ पाणी मागतो, ती तुझ्यामाझ्यात शिवाशिव आहे असे सांगते, आणि संभाषण तेथून वर वर चढत जाते, हा संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय महाराष्ट्रात शब्दशः घडलेला आम्हांस या पुस्तकात दिसतो. लक्ष्मीबाई तशी तुलना करीत बसत नाहीत. त्या फक्त काय झाले ते सांगतात.

या सांगण्यातले वेगळेपण कळण्यासाठी त्यांच्या आधीच्या एका ग्रंथाकडे पाहावे. बाबा पदमनजी हे मराठी ख्रिस्ती साहित्याचे आद्य पुरुष. १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि विधवांचे दुःख मराठी कादंबरीत आणले. १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. ‘अरुणोदय’ मोठा प्रामाणिक ग्रंथ आहे. त्यात मनुष्य वाचतो, विचार करतो, वाद करतो, पटते तेव्हा निर्णय घेतो. पुरुषाचे धर्मांतर बहुधा असेच लिहिले गेले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण त्या स्वतःच शास्त्री होत्या. मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी केदगावला बसून केले. लक्ष्मीबाई विद्वान नव्हत्या आणि निर्णयही प्रथम त्यांचा नव्हता. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाच्या ओझ्याखाली सापडलेली, त्यातून स्वतःचा निर्णय खणून काढणारी बाई मराठी ख्रिस्ती साहित्यात आम्हांस प्रथम येथेच भेटते. आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबांत श्रद्धा आली ती अशीच, कोणा एका पुरुषाच्या पाठोपाठ. त्या आज्या-पणज्यांनी काय सोसले, काय मनापासून स्वीकारले आणि काय नुसते निमूटपणे चालवून घेतले?

बाप्तिस्म्यानंतरच्या संसाराचे वर्णन आम्ही थोडक्यात करतो, जरी पुस्तकातला तो भाग सर्वांत गजबजलेला आहे. दुष्काळात उघडी पडलेली मुले टिळकांनी घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घालावे. प्लेगच्या दिवसांत लोक एकमेकांपासून पळत असता हिने रोग्यांच्या उशाशी बसावे. अशी ती वर्षे गेली. टिळक ‘ज्ञानोदया’त लिहीत होते. हे पत्र १८४२ साली अहमदनगरलाच निघाले आणि १८५५ साली त्याच पत्राने मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला होता, हे येथे सहज सांगून ठेवतो. टिळकांची भक्तिगीते आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरती उरलेली नाहीत, आपल्या कॅथलिक देवळांतही ती प्रेमाने गायिली जातात.

या घरातल्या एका मुलाविषयी मात्र आम्ही खानदेशातले लोक सविस्तर बोलल्यावाचून राहणार नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे एका सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म धरणगावचा, वडील पोलीस खात्यात. त्याची बहीण नवापूरला असे, आणि त्याची पहिली कविता त्या नवापूरच्या अरण्यात सुचली असे सांगितले जाते. नवापूर म्हणजे आजचा आमचा नंदुरबार जिल्हा! सागवानाचे ते रान आता फार विरळ झाले आहे. तरी पहिल्या पावसानंतर त्या रस्त्याने जाताना ही गोष्ट खोटी असेल असे वाटत नाही.

टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेले. ठोंबरे ब्राह्मण, टिळकांचे घर ख्रिस्ती. तरी तो त्या घरचा मुलगा होऊन राहिला. त्याचे लहरी वागणे, रुसणे, एकाएकी निघून जाणे आणि परत येणे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने झेलले. त्यांना असा माणूस सांभाळण्याचा सराव होताच. बालकवींवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पण तो जेवायला कसा बसे, कशाने चिडे आणि कशाने हसे हे जाणून घ्यायचे तर लक्ष्मीबाईंकडेच यावे लागते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनपाशी आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढल्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. त्याआधी दोन वर्षे मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा आपला आश्रम मांडला होता. येशू ख्रिस्ताला देशी वेषात पाहावे, ही त्यांची तळमळ होती.

पन्नाशी ओलांडताना विधवा झालेल्या या बाईने यापुढे जे केले ते आम्हांस विशेष थोर वाटते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवण्याचे मनावर घेतले आणि एकटीने चौसष्ट अध्याय रचले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून निघाले. कॅथलिक वाचकाला साहजिकच फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आठवते. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेले ते काव्य सुमारे ११ हजार ओव्यांचे आहे. एका इंग्रज जेझुइटाने परभाषा शिकून ओवी आत्मसात केली. तीन शतकांनंतर नाशिककडच्या एका बाईने जात्यावर ऐकलेली ओवी त्याच कथेसाठी वापरली. काव्य म्हणून स्टीफन्सचा ग्रंथ पुष्कळ वरचढ आहे. ‘ख्रिस्तायना’त ओव्या सरळ, सुबोध, पण पुष्कळदा सपाट होतात. लक्ष्मीबाईंनी ते ऋण फेडण्यासाठी लिहिले आणि ऋण फेडणाऱ्याची शिस्त त्यात दिसते. मोकळेपणा दिसतो तो ‘स्मृतिचित्रां’त.

‘स्मृतिचित्रे’ लिहिण्याचा त्यांचा स्वतःचा असा बेत नव्हता. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या तयारीत होता, आणि आईने आठवणी टिपून द्याव्यात अशी त्याची इच्छा होती. आई लिहीत गेली. टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता तिच्याच आयुष्याचे पुस्तक झाले. १९३४ साली पहिला भाग निघाला. एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रिवाजात वाढलेली ही बाई पुस्तकभर ‘टिळक’ असाच उल्लेख करते. जणू ती एका ओळखीच्या, आवडत्या, पण पुरेशा दूर उभ्या केलेल्या माणसाविषयी बोलत आहे. या अंतरामुळे तिला त्याच्यावर हसता आले, आणि त्याला क्षमाही करता आली.

आता त्या अक्षरओळखीच्या गोष्टीकडे परत येतो. शाळेत न गेल्याचा या बाईला झालेला सर्वांत मोठा लाभ म्हणजे तिची मराठी. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांची एक वेगळीच मराठी बनली होती. भाषांतरित बायबल, भाषांतरित प्रार्थना, परदेशी मिशनऱ्यांनी शिकून बोललेली वाक्ये यांतून ती घडली. कॅथलिकांचीही अवस्था याहून बरी नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या पुढे, मिस्सा मराठीत आली तेव्हा आमच्याही उपासनेत असे पुष्कळ शब्द शिरले की जे घरी कोणी बोलत नाही. आम्ही धर्मगुरू तर सेमिनरीतून इंग्रजीत विचार करावयास शिकून येतो आणि प्रवचनात तो विचार मराठीत उतरवीत बसतो. लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, भाषा बदलली नाही. नाशिककडच्या बाईने पाटावर बसून शेजारणीला सांगावे तशी त्यांची वाक्ये आहेत. आखूड, थेट, नेमक्या जागी थांबणारी. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस परका होतो, हा आक्षेप शंभर निबंधांनी खोडून निघाला नाही. या पुस्तकाने तो खोडण्याचा प्रयत्नही केला नाही, आणि तरी वाचून झाल्यावर तो कोणाला आठवत नाही.

खानदेशातली दुसरी थोर स्त्री आपल्या सर्वांना परिचित आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, १८८० ते १९५१. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात म्हटलेल्या त्यांच्या ओव्या आणि गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि १९५२ साली छापून निघाली. लक्ष्मीबाईंच्या मागेही देवदत्त होते. दोघींच्या मागे शिकलेला मुलगा होता म्हणून त्या आपणापर्यंत पोहोचल्या. ज्यांच्या मागे कोणी नव्हते त्या कितीजणी असतील, हा विचार आम्हांस आमच्या जिल्ह्यात फिरताना नेहमी अस्वस्थ करतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ६४ टक्के भरली, तेव्हा राज्याचे प्रमाण ८२ टक्के होते, आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ खाली होते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर येथील घराघरांत भिली, पावरी, वसावी, मावची बोलली जाते. शाळेत मराठी येते, देवळात तिसरीच पुस्तकी मराठी येते. आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीत बाईचे नाव येते ते अमक्याची मुलगी, अमक्याची पत्नी, अमक्याची आई म्हणून. तारीख असते, पुरोहिताची सही असते. त्या दिवशी घरी परत गेल्यावर चुलीजवळ काय बोलणे झाले, याला नोंदवहीत रकाना नाही.

म्हणून गेली काही वर्षे वसतिगृहातल्या मोठ्या मुलींना आम्ही सुट्टीत एक काम सांगतो. आजीला विचारून तिच्या लग्नाची, उपासाची, दुष्काळाची, पहिल्यांदा देवळात आली त्या दिवसाची हकिकत वहीत लिहून आणावयाची. आजी ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत. शुद्धलेखन आम्ही तपासत नाही. बहुतेक वह्यांत चार-सहा ओळी असतात. एखादीत मात्र पाने भरलेली असतात, आणि पावरी, मराठी यांची अशी सरमिसळ असते की वाचताना आम्हांस त्या मुलीलाच शेजारी बसवून घ्यावे लागते. धर्मभगिनींना या कामात आमच्यापेक्षा अधिक यश येते, कारण आज्या त्यांच्याशी बोलतात. फादरसमोर त्या पदर सावरून गप्प बसतात.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही सांगतो. त्या गेल्या तेव्हा सर्व भाग छापून झाले नव्हते. शेवटचा १९३७ साली निघाला. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी ते नव्याने इंग्रजीत आणले, त्यामुळे आमच्या केरळच्या भगिनींनाही आता ते वाचता येते. त्यांपैकी एकीने अर्धे इंग्रजीत वाचून उरलेले मराठीतून वाचावयास घेतले आहे. मिठाचा प्रसंग वाचताना ती खूप हसली, आणि पंढरपूरच्या दिवसांपाशी आली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होती, असे तिच्या सोबतिणींनी आम्हांस सांगितले.